गाडीच्या आधी माले

‘‘सावकाश या, बाई. थांबलोय आमी.’’

जीव खाऊन धावणाऱ्या माणसाला सांगायचं हे वाक्य आहे का, तुम्हीच सांगा. पण मास्तर, म्हणजे आमच्या एसटीचे कंडक्टर, ते सांगायचे. एसटीच्या दारात एका हाताने दांडा धरून अर्धं अंग बाहेर काढायचे, दुसऱ्या हाताचा पंजा हवेत खाली-खाली दाबायचे आणि म्हणायचे, सावकाश या. आता मी धावत होते ती मुळात सावकाश जायचं नाही म्हणूनच. आणि मुख्य म्हणजे मला त्या गाडीत बसायचंच नव्हतं.

झालं ते असं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी धावायला लागले. हिंजवडीच्या ऑफिसात एक दिवस लिफ्ट बंद होती. चार मजले चढून वर गेले तर मला बोलताच येईना, आणि माझ्या हाताखालची मुलगी मला खुर्ची, पाणी आणि ‘घरी कुणाला कळवू का’ असं तिन्ही एकदम द्यायला लागली. मला भयंकर राग आला. त्या रागात मी घरी येताना धावायचे बूट घेतले. नवऱ्याने खोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘बिल जपून ठेवलंयस ना?’’

त्याचं चूक नव्हतं. आमच्या घरात माझा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. झुंबा दोन आठवडे, गिटार एक महिना, मोडी लिपी ‘क’ पर्यंत, घरचा केक एकदाच आणि तोही कुत्र्याने खाल्ला. मी कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाही हे माझ्या सासरी-माहेरी दोन्हीकडे मान्य आहे. अकोल्याला माझी आई तर फोनवर ‘काय नवीन?’ असं न विचारता ‘काय सोडलं?’ असं विचारते.

आम्ही पौड ओलांडून पुढे, माले गावाच्या रस्त्यावर राहतो. ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं म्हणून परवडतं. सकाळी रस्ता मोकळा असतो. तर धावायच्या पाचव्या दिवशी मागून एसटी आली. तिने हॉर्न दिला, माझ्या पुढे गेली आणि वीसेक पावलांवर थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली, दारातून मास्तर बाहेर आले आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं. मागे वळून पाहिलं, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. थांबले होते ते माझ्यासाठीच.

आता इतकी माणसं आपल्यासाठी थांबली आहेत आणि आपण नको म्हणायचं? मला ते जमेना. मी चढले.

मास्तरांनी कुठे जायचं ते विचारलंसुद्धा नाही. ‘‘माले ना?’’ म्हणत यंत्रातून तिकीट काढलं. एवढ्या सकाळी त्या रस्त्याला एकटी शहरी बाई पळतेय म्हणजे ती माल्याच्या शाळेत आलेली नवी मास्तरीण, असा त्यांनी हिशेब केला होता, आणि म्हणूनच ‘बाई’. शेजारी बसलेल्या दवाखान्यातल्या नर्सताईंनी विचारलं, कितवीला शिकवता? मी म्हटलं, चौथीला. का म्हटलं ते देव जाणे. माल्याला उतरले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत शाळेच्या बंद फाटकापाशी पर्स शोधल्यासारखं करत उभी राहिले आणि सहा किलोमीटर चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी चौथीच्या पोरांना गणित येत नाही यावर माझं सविस्तर मतसुद्धा मी देऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी मात्र गाडीचा आवाज आला तशी मी रस्ता सोडून रोपवाटिकेच्या कुंपणाआड जाऊन बसले. गाडी थांबली. पावलं जवळ आली. वर पाहिलं तर मास्तर, खाकी कपडे, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, पांढरी झालेली बारीक मिशी, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

‘‘बाई, हितं काय करताय? बरं न्हाई का?’’

मग मी सगळं सांगून टाकलं. शाळा नाही, चौथी नाही, मी नुसतीच धावते. गाडीतली माणसं इतकी हसली की ड्रायव्हरने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मास्तर एकटे हसले नाहीत. ते विचारात पडले.

‘‘म्हंजी कुटं जायचं न्हाई? नुस्तं पळायचं?’’

‘‘हो.’’

‘‘आन मग?’’

‘‘मग परत यायचं.’’

त्यांनी मान डोलावली. ‘‘चौतीस वर्सं झाली, आमी त्येच करतोय,’’ असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले आणि दोनदा घंटी वाजवून गाडी घेऊन गेले.

मास्तरांचं नाव मी इथे सांगत नाही. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो, त्याचं ऐकून सगळी गाडी मास्तर म्हणते, आणि माझ्या बाबतीत तर तो शब्द दोन्ही अर्थांनी खरा ठरला. घर चार पिढ्या पौडचं, बाजारपेठेत धाकट्या भावाचं भांड्यांचं दुकान. दुकानात बसायचं सोडून हे एसटीत गेले, कारण, त्यांच्याच शब्दांत, ‘‘गिऱ्हाईक आपल्याकडं यायची वाट बघत बसायची, ती आपल्याला न्हाई जमायची. आपुन गिऱ्हाइकाकडं जायाचं.’’

त्यानंतर मास्तरांनी माझं धावणं ताब्यात घेतलं. मला विचारलं वगैरे नाही. गाडी पौडहून साडेसहाला सुटते आणि पावणेसातला माल्याच्या थांब्यावर असते. तुमचं घर ते माले म्हणजे बरोबर एक टप्पा, ते म्हणाले. टप्पा म्हणजे तिकीट वाढायचं अंतर, सहा किलोमीटर. तुमी सहाला घर सोडायचं. गाडी मागनं येऊन तुमाला कुटं गाठती, त्यावरनं समजंल तुमी कुटवर आलाय. पाच मिनिटं आधी निघाले तर? मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू विनातिकीट सापडले होते.

माझ्या मनगटावर एक हुशार घड्याळ होतं. ते ठोके मोजायचं, झोप मोजायचं, आणि संध्याकाळी मला शाबासकी द्यायचं. मास्तरांनी ते एकदा हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. त्या दिवसापासून माझी प्रगती त्या घड्याळात मोजली गेली नाही. ती मोजली गेली रोपवाटिका, पोल्ट्री, चढावरची चहाची टपरी आणि माल्याची पाटी यांत. रोज सकाळी मागून गाडी यायची, मास्तर दारात यायचे आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायचे, ‘‘आज पोल्ट्रीच्या पुढं गाठलं.’’ आत कुणीतरी टाळ्या वाजवायचं. ज्या दिवशी मागच्या दिवसापेक्षा अलीकडे गाठलं जाईल त्या दिवशी गाडीत नुसती शांतता. मला बॉसच्या रागाचं इतकं कधी लागलं नव्हतं.

सुरुवातीला मी काय करत होते? घरातून निघाले की मागे कुत्रं लागल्यासारखी सुटायची. सहा मिनिटांत जीभ बाहेर. मग मोरीच्या कठड्यावर दहा मिनिटं बसायची. मग पुन्हा सुटायची. मास्तरांनी दोन आठवडे पाहिलं आणि मग एक दिवस गाडी मिनिटभर माझ्या बरोबरीने हळू चालवायला लावून दारातून शिकवणी घेतली. ताम्हिणी घाटाच्या चढाला गाडी कशी घेतात? पहिल्या गिअरवर. तिथे लाज वाटून टॉपवर घातली तर गाडी मागे येते. ‘‘तुमी घरापासनंच टॉपवर घालताय, बाई. गप पहिल्यावर घ्या. लोक बगत्यात म्हनून गिअर बदलायचा न्हाई.’’

मी पहिल्यावर घेतलं. इतकी हळू धावले की दूधवाला सायकलवरून जाताना ‘पाय दुखतोय का’ विचारून गेला. पण त्या दिवशी मी पोल्ट्रीपर्यंत एकदाही बसले नाही. अहो, एकदाही नाही. घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं, अकोल्याला फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, कुक्कुटपालन सुरू केलंस का? मला त्या दिवशी कशाचाच राग येत नव्हता. मी ओट्यापाशी भाजी चिरताना जागच्या जागी धावत होते.

मध्ये चालावं लागलं तर मला फार अपमान वाटायचा. तेही त्यांनी काढून टाकलं. गाडी थांबा घेते म्हणून कुणी गाडी बंद पडली असं म्हणतं का, असा त्यांचा सवाल होता. चढ संपला की शंभर पावलं चालायचं, हा माझा अधिकृत थांबा त्यांनी ठरवून दिला. आणि त्यांच्या साप्ताहिक सुट्टीला मलाही सुट्टी. मी एकदा त्या दिवशीही धावले तर दुसऱ्या दिवशी त्यांना कसं कोण जाणे कळलेलं होतं. दोन दिवस त्यांनी जाहीर घोषणा केली नाही. ती शिक्षा होती.

रमजानच्या महिन्यात एक दिवस चढावर माझा घसा कोरडा पडला. गाडी थांबली आणि नर्सताईंनी खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली. मास्तर दारातच उभे, पहाटेपासून त्यांच्या ओठाला पाणी नाही. मला त्यांच्यासमोर प्यायची लाज वाटली. मी बाटली नुसतीच हातात धरून उभी राहिले. ते म्हणाले, ‘‘रोजा माजा हाय, तुमचा न्हाई. प्या गपचिप.’’ मी प्यायले, आणि ते समाधानाने बघत राहिले, जणू त्यांचीच तहान भागली होती.

मार्चअखेरीला माल्याच्या पाटीच्या अलीकडे मला गाठलं गेलं. पाटीपासून थांबा दिसतो. तीनशे पावलं असतील. त्या दिवशी गाडी पुढे गेली नाही, थांबली. मास्तर खाली उतरले आणि प्रथमच स्वतःबद्दल बोलले. मे महिन्याच्या अखेरीला ते निवृत्त होणार होते.

‘‘चौतीस वर्सं दारात हुबा हाय, बाई. मागनं पळत येनारी मानसं लई बगितली. कुनाला घेतलं, कुनाला न्हाई घेता आलं. गाडीच्या पुढं पोचून, पाय रोवून हुबं ऱ्हायलेलं मानूस एक न्हाई बगितलं. तेवढं एक दाखवा मला.’’

आता मला सांगा, असं कुणी म्हटल्यावर काय करायचं? आजवर मी जे काही धरलं आणि सोडलं त्याने कुणाचंच अडलं नव्हतं. गिटार वाजली नाही म्हणून कुणी रडलं नाही. इथे मात्र एका माणसाला नोकरी संपायच्या आत एक गोष्ट बघायची होती आणि ती मीच दाखवू शकत होते. माझ्या अंगात वारं शिरलं. मी झोपेत पाय हलवायला लागले. नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

एप्रिलमध्ये एकदा ड्रायव्हरने दयाबुद्धीने गाडी रखडवायला सुरुवात केली. माझ्या मागे पन्नास फुटांवर एसटी बैलगाडीच्या चालीने. मी खुशीत. तेवढ्यात आतून घंटी वाजली, दोनदा, आणि तीही अशी की दोरी तुटायची. गाडी माझ्या अंगावरून गेल्यासारखी पुढे गेली. नंतर कळलं, मास्तरांनी ड्रायव्हरला चांगलं झापलं. रिसॉर्टच्या पाळीला जाणारी सहा माणसं गाडीत आहेत, त्यांचा खाडा बाईंच्या पळण्यापायी पडायचा का? आणि मला दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘‘तसलं पोचलेलं आपल्याला नको.’’

मी मग घाई केली आणि माती खाल्ली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात रोज धावले, सुट्टी बुडवून, चढावरचा थांबा न घेता. नडगी अशी धरली की जिना उतरताना कठड्याला लोंबकळावं लागे. मास्तरांनी लंगडणं दारातूनच ओळखलं. ‘‘गाडी वर्कशॉपला लावा. धा दिवस.’’ मी म्हटलं, मास्तर, तुमचे दिवस किती राहिलेत. ते म्हणाले, ‘‘माजे ऱ्हाऊ द्या. पाय तुमचा हाय.’’ दहा दिवस मी फाटकाशी खुर्ची टाकून बसले. गाडी जायची, ते दारातून पंजा खाली-खाली दाबायचे. सावकाश.

निवृत्तीचा दिवस उजाडला. मी बरोबर सहाला निघाले. पाय बरा होता, पण दहा दिवस बसून अंगात काहीच उरलं नव्हतं. पोल्ट्री आली, गाडी नाही. टपरी आली, गाडी नाही. चढ संपला, मी माझा शंभर पावलांचा थांबा घेतला, तरी मागे आवाज नाही. माल्याची पाटी गेली. मी थांब्यावर पोचले. पाय रोवून उभी राहिले. रस्ता रिकामा होता. मी एकटीच तिथे दोन्ही हात वर करून नाचले, आणि शेडमध्ये बसलेला एक म्हातारा उठून दुसऱ्या बाकावर गेला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. नाचून झालं, हातपाय ताणून झाले, हाताला घड्याळ होतं पण बघायचं धाडस होईना. मग गाडी आली, पुढे नारळ, झेंडूच्या माळा, आणि दारात गळ्यापर्यंत हारांत बुडालेले मास्तर. प्रत्येक थांब्यावर लोकांनी त्यांना खाली उतरवून हार घातले होते, पेढे भरवले होते, फोटो काढले होते. मास्तर उतरले. माझ्याकडे पाहिलं. आत सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांनी हार बाजूला सारून मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

‘‘सात वाजल्यात,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी पंधरा मिनिटं लेट हाय. ह्ये धरायचं न्हाई, बाई.’’

कुणीतरी आतून ओरडलं, मास्तर, आज तरी. त्यांनी मान हलवली. मी विचारलं, मी कितीला पोचले ते घड्याळात बघून सांगू का? त्यांनी ‘नको’ म्हटलं. मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, पावणेसातच्या आत मी आले नव्हते. पण मग त्यांनी गळ्यातला एक हार काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘टायमावरच्या गाडीच्या आधी या. मी असंन, नसंन. या मात्र.’’ गाडी गेली. मी हार घेऊन सहा किलोमीटर चालत आले आणि वाटेत रडले, सांगायला कसली लाज.

मला वाटलं होतं, माणूस पौडचा आहे, बाजारात भेटेल. मी अकोल्याला आठ दिवस जाऊन आले तोवर ते मिरजेला थोरल्या मुलीकडे राहायला गेलेले होते. माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतं?

पावसाळाभर मी धावले. मुळशीचा पाऊस म्हणजे आंघोळ वेगळी करायला नको. बुटांत पाणी, डोळ्यांत पाणी, आणि मागून येणारी गाडी न थांबता अंगावर चिखल उडवून जायची. कुठे गाठलं ते सांगणारं दारात कुणी नसायचं. मीच मनात म्हणायचे, आज टपरीपाशी. आज पाटीपाशी. मजा बघा, मी सोडून दिलं नाही. मला स्वतःलाच हे फार उशिरा लक्षात आलं.

दसऱ्याच्या आसपासची सकाळ. हवेत गारवा, भातं पिवळी पडलेली, रस्ता कोरडा. सहाला निघाले, पहिल्या गिअरवर. चढानंतर थांबा घेतला, पूर्ण शंभर पावलं. पाटी आली तेव्हा मागे वळून पाहिलं नाही. थांब्यावर पोचले, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, आणि श्वास जागेवर येतोय तोवर वळणावर गाडी दिसली.

गाडी थांबली. दारात नवा कंडक्टर, पंचविशीतला, बोलण्यावरून लातूरकडचा. मी त्याला पहिलं वाक्य विचारलं ते असं, ‘‘गाडी वेळेवर आहे का?’’

तो बिचारा घाबरला. एवढ्या सकाळी थांब्यावर घामाघूम बाई उभी राहून वेळ विचारतेय म्हणजे नक्की तपासणीची किंवा तक्रारवाली. तो खाली उतरला, यंत्र दाखवलं, वर लिहिलेली वेळ दाखवली. ‘‘मॅडम, अगदी वेळेवर आहे. सहा पंचेचाळीस. एक मिनिट मागं-पुढं नाही. पाहिजे तर लिहून देतो.’’

मी म्हटलं, परत एकदा म्हणा. त्याने परत म्हटलं. आतून नर्सताई किंचाळल्या, त्यांना कळलं होतं. मग जुन्या माणसांनी खिडक्यांचे पत्रे बडवले आणि तो पोरगा माझ्याकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत राहिला.

घरी चालत यायचं असतं. मी धावत आले. स्वतःच्या फाटकावरून तशीच पुढे गेले, नवरा ब्रश तोंडात धरून बघत होता, आणि पौडच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानापाशी जाऊन थांबले. मास्तरांचे भाऊ नुकतं शटर वर ढकलत होते. मला बोलता येईना, पण चार मजल्यांच्या वेळेसारखं नव्हे. मी म्हटलं, मास्तरांना फोन लावा. त्यांनी माझा अवतार पाहिला, काही विचारलं नाही, लावला आणि स्पीकरवर टाकला.

मी सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘‘गाडी टायमावर हुती?’’

‘‘होती.’’

‘‘कोन म्हनतंय?’’

‘‘कंडक्टर. लिहून देतो म्हणाला.’’

मग काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. भावांनी फोनच्या पडद्याकडे पाहून मान हलवली, चालू आहे. आणि मग लांबून, माझ्यासाठी नसलेला, मास्तरांचा आवाज यायला लागला. ते फोन तसाच ठेवून घरात गेले होते. ‘‘अगं, ऐकलं का, आमची बाई पोचली. गाडीच्या आधी पोचली.’’ कुणीतरी विचारलं, कोण बाई? मग मुलीला, मग जावयाला, मग आणखी कुणाला, एकेकाला धरून ते पहिल्यापासून सांगत होते, बाई कोण, माले कुटं, एक टप्पा म्हंजी किती. आम्ही दोघं अर्ध्या उघडलेल्या शटरखाली उभे राहून ऐकत होतो, आणि दोघांपैकी कुणीच फोन बंद करत नव्हतं.